नव्या कमिटीच्या हाती डिजिटल दप्तर : सोसायटीतील स्मार्ट यंत्रणा सुरक्षित कशा कराव्यात

सहकारी गृहनिर्माण संस्थेची निवडणूक पार पडली की नवी व्यवस्थापन कमिटी जुन्या कमिटीकडून दप्तर ताब्यात घेते. सभासद नोंदवही, इतिवृत्ते, चेकबुक, करारांच्या फायली, गच्चीच्या आणि पंपरूमच्या किल्ल्या अशी यादी होते आणि दोन्ही बाजू तिच्यावर सह्या करतात. गेल्या काही वर्षांत सोसायटीच्या मालमत्तेत जी मोठी भर पडली, ती मात्र या यादीत क्वचितच सापडते: इंटरनेटला जोडलेले कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर, पाहुण्यांची नोंद ठेवणारे ॲप, फास्टॅग वाचून उघडणारे फाटक, मोबाइलवरून चालू-बंद होणारे पाण्याचे पंप, लिफ्टवर दुरून लक्ष ठेवणारी पेटी, सांडपाणी प्रकल्पाचा कंट्रोलर. यांची खाती कोणाच्या नावावर आहेत, पासवर्ड कोणाला ठाऊक आहेत आणि बाहेरून आत येण्याचा मार्ग कोणकोणाकडे आहे, असे विचारले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: ज्याने बसवले त्याला माहीत.

प्रस्तुत लेख नव्याने सेक्रेटरी, खजिनदार किंवा कमिटी सदस्य झालेल्या आणि तांत्रिक पार्श्वभूमी नसलेल्या वाचकांसाठी आहे. पायऱ्यांचा क्रम मुद्दाम ठरवलेला आहे. सुरुवातीच्या कामांना पैसे जवळजवळ लागत नाहीत, फक्त वेळ आणि थोडा आग्रह लागतो. खर्चाची कामे त्यानंतर येतात. 'संपूर्ण सायबर ऑडिट' विकायला येणाऱ्याला पहिल्या महिन्यात होकार देऊ नये, कारण आपल्याकडे काय आहे हे आपल्यालाच माहीत नसताना त्याचा अहवाल वाचूनही काही हाती लागत नाही.

धोका कसा दिसतो

फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातमधील राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर विक्रीसाठी फिरत असल्याचे उघड झाले. पुढच्या तपासात देशभरातल्या इतर अनेक ठिकाणचे कॅमेरेही अशाच पद्धतीने उघडले गेल्याचे निष्पन्न झाले आणि अटक झालेल्यांमध्ये लातूर व सांगली येथील तरुणही होते. त्यासाठी कोणतेही दुर्मीळ कौशल्य लागले नव्हते. साधे किंवा कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे इंटरनेटवर शोधून काढणे एवढेच पुरेसे होते.

दुसऱ्या प्रकारचा धोका रहिवाशांना दिसतही नाही. २०१६ मध्ये 'मिराई' नावाचा एक दुष्ट प्रोग्राम इंटरनेटवर कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर शोधत फिरू लागला. त्याच्याकडे साठेक ठरलेल्या युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती आणि तेवढ्यावर त्याने लाखो उपकरणे ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांनी संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे इंटरनेटवरील पत्ते शोधून देणाऱ्या 'डाइन' (Dyn) या अमेरिकी कंपनीवर एकाच वेळी मारा केला, तेव्हा ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेच्या मोठ्या भागात कित्येक तास मिळेनाशा झाल्या. ज्यांचे कॅमेरे या माऱ्यात सामील होते, त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती, कारण कॅमेरे नेहमीप्रमाणे चित्र दाखवत होते.

तिसरे उदाहरण तर थेट रहिवासी इमारतींचे आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये फिनलंडमधील लाप्पेनरान्ता या शहरातील दोन इमारतींच्या तापनयंत्रणेचे कंट्रोलर इंटरनेटवरून येणाऱ्या माऱ्यामुळे पुन्हापुन्हा बंद पडून सुरू होऊ लागले आणि बाहेर पारा शून्याखाली असताना घरांतील उष्णता गेली. आपल्याकडे तापनयंत्रणा नसते, पण कंट्रोलरच्या जागी पाण्याचा पंप ठेवून पाहिला की प्रश्न लगेच कळतो: इंटरनेटवर गोंधळ झाला म्हणून सातव्या मजल्यावरचे पाणी का जावे?

पहिली पायरी: इमारत फिरून यादी करणे

एखाद्या रविवारी सकाळी कमिटीतील दोघांनी, वॉचमन आणि पंप पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला बरोबर घेऊन, फाटकापासून गच्चीपर्यंत फिरावे. फाटक, सिक्युरिटी केबिन, ऑफिस, मीटररूम, पंपरूम, जनरेटर, सांडपाणी प्रकल्प, प्रत्येक लिफ्टची मशिनरूम, क्लबहाउस, गच्चीवरील टाक्या आणि सौरपॅनेलचा इन्व्हर्टर अशी एकेक जागा घ्यावी. ज्या उपकरणाला नेटवर्कची वायर, अँटेना किंवा सिमकार्डाचा खाचा आहे, किंवा ज्याचे ॲप कोणाच्यातरी मोबाइलमध्ये आहे, ते यादीत आले पाहिजे. सिमकार्डाकडे विशेष लक्ष द्यावे. पंपाचे जीएसएम कंट्रोलर, लिफ्टची देखरेख-पेटी आणि काही ठिकाणी सौर इन्व्हर्टर हे सोसायटीच्या वायफायवर नसतातच. ते स्वतःच्या सिमवरून थेट बाहेर बोलतात. त्यामुळे राउटरची कितीही काळजी घेतली तरी ते तिच्या कक्षेबाहेर राहतात.

प्रत्येक उपकरणापुढे कंपनी आणि मॉडेल, कोणी व केव्हा बसवले, वार्षिक देखभाल करार कोणाशी आहे, इंटरनेट कुठून मिळते, खाते कोणत्या मोबाइल क्रमांकावर किंवा ईमेलवर नोंदले आहे आणि मुख्य पासवर्ड कोणाकडे आहे, हे लिहावे. शेवटच्या दोन रकान्यांत 'माहीत नाही' असे जितक्या वेळा येईल, तितके पुढचे काम आहे असे समजावे. यादी झाल्यावर राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची जी सूची दिसते तिच्याशी ती पडताळावी. त्या सूचीत एखादे उपकरण अनोळखी निघणे ही सामान्य गोष्ट आहे. बंद पडलेला जुना बायोमेट्रिक हजेरीयंत्र, बिल्डरच्या काळातला कॅमेरा किंवा कोणा सभासदाने ऑफिसच्या राउटरला जोडलेला टीव्ही तिथे सापडू शकतो. जे वापरात नाही त्याची वायर तेव्हाच काढावी.

महावितरण, बेस्ट किंवा अन्य वीज कंपनीने बसवलेले स्मार्ट मीटर या यादीत घेण्याचे कारण नाही. त्यांची सुरक्षा ही कंपनीची जबाबदारी आहे आणि सोसायटीने त्यांना हात लावू नये. मीटररूमला कुलूप असणे आणि आत कोण गेले याची नोंद असणे एवढेच आपले काम.

दुसरी पायरी: खाती सोसायटीच्या नावावर आणणे

बहुतेक कॅमेरे आणि पंप-कंट्रोलर बसवताना तंत्रज्ञ स्वतःच्याच मोबाइलवर ॲप उघडतो, उपकरणावरील क्यूआर कोड स्कॅन करतो आणि नंतर ते चेअरमनच्या फोनशी 'शेअर' करून देतो. काम त्या दिवशी भागते, पण कागदोपत्री सोसायटीचा असलेला रेकॉर्डर व्यवहारात त्या तंत्रज्ञाचा राहतो. तो नोकरी सोडून गेला, फोन हरवला किंवा बिलावरून वाद झाला, तरी त्याच्या फोनमधला प्रवेश तसाच चालू असतो.

यावर उपाय असा, की सोसायटीच्या नावाने एक ईमेल खाते उघडावे, सोसायटीच्या नावाने एक सिमकार्ड घ्यावे आणि सर्व उपकरणांची मूळ खाती त्यांवर नोंदवावीत. अनेक ब्रँडमध्ये उपकरण एका वेळी एकाच मूळ खात्याशी बांधलेले असते, म्हणून आधी जुन्या खात्यातून ते मोकळे करून घ्यावे लागते. हे काम तंत्रज्ञाला समोर बसवून, देखभालीच्या भेटीतच करून घ्यावे. त्याने टाळाटाळ केली तर देखभालीचे पुढचे बिल त्या कामाशी जोडणे मला पूर्णपणे योग्य वाटते. मूळ खात्यावर दुहेरी पडताळणी चालू करावी, म्हणजे पासवर्ड कळला तरी सोसायटीच्या सिमवर येणारा कोड मिळाल्याशिवाय आत जाता येणार नाही. ते सिम एखाद्या उत्साही सदस्याच्या रोजच्या फोनमध्ये न ठेवता ऑफिसच्या फोनमध्ये ठेवावे आणि त्याचा रिचार्ज चुकू देऊ नये, कारण बंद पडलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्याला दिला जातो.

यानंतर सर्व मुख्य पासवर्ड कागदावर लिहून, लिफाफ्यात बंद करून, सेक्रेटरी आणि खजिनदार या दोघांच्या सह्यांनिशी सोसायटीच्या तिजोरीत ठेवावेत. संगणकातील पासवर्ड-व्यवस्थापक वापरता येत असेल तर उत्तमच, पण महाराष्ट्रात कमिटीची मुदत पाच वर्षांची असते, मधल्या काळात राजीनामे होतात आणि माणसे परगावी जातात. अशा वेळी तिजोरीतील कागद जास्त भरवशाचा ठरतो. लिफाफा उघडला की त्याची तारीख आणि कारण नोंदवावे. कमिटी बदलली की हा लिफाफा दप्तराबरोबर हस्तांतरित व्हावा आणि त्याच आठवड्यात सर्व पासवर्ड बदलावेत. जुन्या कमिटीवर अविश्वास दाखवण्याचा यात प्रश्न नाही. बँकेतील सह्या आपण बदलतोच.

तिसरी पायरी: पासवर्ड

कारखान्यातून आलेला एकही पासवर्ड शिल्लक राहू नये. कॅमेरे आणि रेकॉर्डर यांच्याबाबत हे आता बऱ्याच जणांना माहीत असते. विसरली जातात ती बाकीची यंत्रे, म्हणजे राउटर, हजेरीयंत्र, इंटरकॉमचे एक्स्चेंज, फाटकाचा कंट्रोलर आणि पंपाचा पीएलसी, म्हणजे यंत्राला आज्ञा देणारा छोटा औद्योगिक संगणक. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या अलिक्विपा या गावच्या पाणीपुरवठा यंत्रणेतील दाब वाढवणाऱ्या केंद्राचा पीएलसी हल्लेखोरांनी ताब्यात घेतला, तेव्हा तो इंटरनेटवर उघडा होता आणि या बनावटीच्या यंत्रांचा मूळ पासवर्ड '११११' असल्याने तो बदलावा, अशी सूचना अमेरिकी सरकारला त्यानंतर देशभर काढावी लागली.

नवा पासवर्ड लांब असावा. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले तर तो लक्षातही राहतो आणि तोडायलाही कठीण जातो. सोसायटीचे नाव आणि त्यापुढे वर्ष, किंवा सोसायटीचा नोंदणी क्रमांक, असे पासवर्ड ठेवू नयेत; नोंदणी क्रमांक तर फाटकावरच्या फलकावर सर्वांना वाचता येतो. प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड हवा आणि प्रत्येक माणसाला वेगळे खाते हवे. केबिनमधील वॉचमनला चित्र पाहण्यापुरते खाते द्यावे, ज्यातून चित्रण पुसता किंवा बाहेर काढता येणार नाही.

वेगळ्या खात्यांचा उपयोग एरवी कळत नाही, काही घडल्यावर कळतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या ओल्ड्समार येथील जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यातील कॉस्टिक सोड्याचे प्रमाण १०० वरून ११,१०० पीपीएम केले गेले आणि कर्मचाऱ्याने ते पाहून तत्काळ पूर्ववत केले. तिथे दुरून प्रवेशासाठी टीमव्ह्यूअर वापरले जात होते आणि त्याचा पासवर्ड सर्वांमध्ये एकच होता. हा बाहेरचा हल्ला होता की आतल्याच कोणाची चूक, याबद्दल पुढे मतभेद झाले. एकच पासवर्ड दहाजण वापरत असतील तर नोंदी पाहूनही माणूस ओळखता येत नाही.

चौथी पायरी: बाहेरून आत येणारे मार्ग बंद करणे

कमिटी सदस्यांना घरी बसून कॅमेरे पाहायचे असतात, आणि ते शक्य व्हावे म्हणून तंत्रज्ञ राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' करून ठेवतो, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या कोणालाही थेट रेकॉर्डरच्या लॉगिन पानापर्यंत पोचण्याची वाट मोकळी करतो. ही वाट बंद करावी. राउटरच्या पानावर पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत जे काही असेल ते काढावे आणि 'यूपीएनपी' ही सोय बंद करावी, कारण ती चालू असली तर उपकरणे अशा वाटा स्वतःहून उघडून घेऊ शकतात. रेकॉर्डरमध्ये 'टेलनेट' (यंत्राला दुरून आज्ञा देण्याची जुनी सोय) चालू असेल तर तेही बंद करावे. मिराई तिथूनच शिरत असे.

बंद झाले की नाही हे पाहण्याची एक सोपी चाचणी आहे. सोसायटीच्या वायफायवरून आपला सार्वजनिक आयपी क्रमांक, म्हणजे सोसायटीच्या जोडणीचा इंटरनेटवरील पत्ता, शोधावा, मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर ब्राउझरमध्ये तो क्रमांक टाकावा. कॅमेऱ्याचे किंवा राउटरचे लॉगिन पान उघडले तर दार उघडे आहे. पान उघडले नाही म्हणजे सारे आलबेल आहे असे मात्र समजू नये, कारण वाट दुसऱ्या पोर्टवर असू शकते. म्हणूनच राउटरमधली यादी स्वतः पाहणे टाळता येत नाही.

दुरून पाहण्यासाठी मग दोन मार्ग उरतात. एक म्हणजे व्हीपीएन (इंटरनेटमधूनच जाणारी, पण परक्यांना बंद असलेली खासगी वाट), जे सुरक्षित असते पण सांभाळणारा माणूस लागतो. दुसरा म्हणजे उत्पादकाच्या क्लाउडचे ॲप, दुहेरी पडताळणीसह. बहुतेक सोसायट्यांना दुसराच मार्ग झेपेल. त्यालाही मर्यादा आहेत: मार्च २०२१ मध्ये 'व्हर्काडा' या अमेरिकी कंपनीच्या मुख्य प्रशासकाचे लॉगिन बाहेर सापडल्यामुळे रुग्णालये, शाळा आणि तुरुंगांमधले सुमारे दीड लाख कॅमेरे परक्यांना पाहता आले, आणि त्यात त्या संस्थांची स्वतःची चूक काहीच नव्हती. म्हणून जिथे चित्रण बाहेर गेल्यास कोणाची अब्रू जाईल, अशा जागी, म्हणजे जलतरण तलाव, कपडे बदलण्याच्या खोल्यांचे दार, पाळणाघर, तिथे इंटरनेटला जोडलेला कॅमेरा लावायचाच नाही.

ऑफिसच्या संगणकावरचे ॲनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर हाही असाच मार्ग आहे. त्यातील 'कोणी हजर नसतानाही प्रवेश' ही सोय बंद ठेवावी. अकाउंटंटला किंवा तंत्रज्ञाला काम असेल तेव्हा त्याने फोन करावा, ऑफिसमधील माणसाने समोर बसून परवानगी द्यावी आणि काम झाल्यावर जोडणी तोडावी. यात थोडी गैरसोय होते, ती मान्य करावी.

पाचवी पायरी: नेटवर्क वेगळे करणे

इथे थोडा खर्च येतो. मेंटेनन्सची बिले, सभासदांची माहिती आणि बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर होतात, तो आणि कॅमेरे एकाच राउटरवर असतील तर एक कमकुवत कॅमेरा पुरे होतो. ऑफिसचा संगणक, कॅमेरे, पंप-लिफ्ट यांसारखी यंत्रे आणि क्लबहाउसमधील पाहुण्यांचे वायफाय यांना वेगवेगळे नेटवर्क द्यावे. जाणकार माणूस हे एकाच चांगल्या स्विचवर आभासी विभाग पाडून करेल. तसा माणूस नसेल तर ऑफिससाठी स्वतंत्र स्वस्त ब्रॉडबँड जोडणी घेतली तरी पुष्कळ काम होते. क्लबहाउसच्या वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असतो, हे गृहीत धरूनच आखणी करावी.

सहावी पायरी: सगळे हाताने चालवून पाहणे

माझ्या मते संपूर्ण लेखातील ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच वगळली जाते. अलिक्विपाच्या प्रसंगात यंत्र हल्लेखोरांच्या हाती गेले, पडद्यावर त्यांचा संदेश झळकला, आणि तरीही गावाचे पाणी बंद झाले नाही, कारण कर्मचाऱ्यांनी ते केंद्र तत्काळ हाताने चालवायला घेतले. पासवर्ड, राउटर, दुहेरी पडताळणी हे सगळे करूनही एखाद्या दिवशी काहीतरी फसणार आहे, आणि त्या दिवशी पाणी, लिफ्ट आणि फाटक चालू राहतील की नाही हे तयारीवर अवलंबून आहे.

पंपाच्या पॅनेलवर 'ऑटो' आणि 'मॅन्युअल' निवडणारी कळ असलीच पाहिजे आणि 'मॅन्युअल'वर ठेवल्यावर कंट्रोलर, सिमकार्ड व ॲप पूर्णपणे बाजूला पडून पंप थेट चालला पाहिजे. काही नव्या पॅनेलमध्ये ही कळ दिसायला असते, पण ती कंट्रोलरलाच आज्ञा देते. कंट्रोलर गेला की कळही निरुपयोगी होते. इलेक्ट्रिशियनकडून हे तपासून घ्यावे. गच्चीवरील टाकीला सेन्सर असला तरी यांत्रिक फ्लोट हवा आणि टाकी ओसंडली तर पाणी निघून जाण्याची वाट मोकळी हवी. जमिनीखालची टाकी रिकामी असताना पंप कोरडा फिरू नये यासाठीचे संरक्षण पॅनेलमध्येच असावे, क्लाउडवरून येणाऱ्या आज्ञेवर अवलंबून असू नये. अग्निशमनाचा पंप कोणत्याही ॲपला जोडू नये, याविषयी दुसऱ्या मताला जागा नाही.

जिन्याच्या किंवा लॉबीच्या दाराला चुंबकीय कुलूप असेल तर वीज गेल्यावर आणि आगीचा इशारा वाजल्यावर ते आपोआप उघडले पाहिजे. हे प्रत्यक्ष वीज बंद करून पाहावे. तंत्रज्ञाच्या तोंडी आश्वासनावर सोडू नये. फाटकाचा दांडा हाताने उचलण्याची चावी केबिनमध्ये असावी आणि रात्रपाळीच्या वॉचमनलाही ती वापरता यावी. लिफ्टच्या बाबतीत देखरेख-पेटीची वायर काढल्यावरही लिफ्ट नेहमीप्रमाणे चालते ना, आणि वीज गेल्यावर ती जवळच्या मजल्यावर येऊन उघडते ना, हे लिफ्ट कंपनीच्या माणसासमोर पाहावे. पाहुण्यांचे ॲप बंद पडले तर वापरायला एक साधी कागदी नोंदवही केबिनमध्ये असावी.

या सगळ्याचा सराव सहा महिन्यांतून एकदा, आधी सूचना लावून, अर्धा दिवस करावा. पहिल्या सरावात काहीतरी अडतेच. ते अडावे म्हणूनच सराव असतो.

सातवी पायरी: करारात काय लिहून घ्यावे

ऑस्ट्रेलियातील मरूची शायर या परिसरात २००० साली सांडपाणी यंत्रणेच्या पंपिंग केंद्रांचे अनेक आठवडे विचित्र वागणे चालू होते. शेवटी असे निघाले, की यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतला एक माजी कर्मचारी लॅपटॉप आणि रेडिओ संच घेऊन तिला चुकीच्या आज्ञा देत होता. त्याने स्थानिक परिषदेत मागितलेली नोकरी त्याला मिळाली नव्हती. सुमारे आठ लाख लिटर सांडपाणी उद्यानांत आणि नदीनाल्यांत गेले आणि त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. यंत्रणा आतून ओळखणारा, प्रवेश शिल्लक असलेला आणि नाराज झालेला माणूस हा धोका पंचवीस वर्षांनंतरही तितकाच खरा आहे.

म्हणून देखभाल करारात काही गोष्टी स्पष्ट शब्दांत याव्यात. सोसायटीच्या लेखी परवानगीशिवाय दुरून प्रवेश करणार नाही; प्रवेश असलेला कर्मचारी नोकरी सोडून गेल्यास तसे कळवू; पासवर्ड सोसायटीची मालमत्ता आहेत आणि करार संपताना ते द्यावेच लागतील; कंपनीत किंवा तिच्या क्लाउडमध्ये घुसखोरी झाल्याचे कळताच सोसायटीला सांगू; आणि उपकरणाला अमुक वर्षांपर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील. दर तिमाहीच्या भेटीत फर्मवेअर (उपकरणातील मूळ सॉफ्टवेअर) तपासून, उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच अपडेट करणे हेही कामाच्या यादीत लिहावे. नव्या कॅमेऱ्यांची खरेदी करताना, ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षाविषयक निकषांवर चाचणी बंधनकारक झाली आहे हे लक्षात ठेवून, विक्रेत्याकडून त्या मॉडेलचे प्रमाणपत्र मागावे. जुना साठा स्वस्तात देणारा विक्रेता नेमका इथेच अडतो.

आठवी पायरी: गोळा झालेली माहिती

पाहुण्यांचे ॲप, फास्टॅगची नोंद आणि चेहरा ओळखणारी यंत्रे यांच्याकडे कोण केव्हा घरी असते, कोणाकडे कोण येते, घरकामाला येणाऱ्या बाईंचा फोटो आणि आधारकार्डाची प्रत असा ऐवज साठतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायद्याची वाट न पाहताही एक नियम लावता येतो: जी माहिती कशासाठी लागते हे सांगता येत नाही, ती घेऊ नये. आधारच्या प्रती घेणे बंद करावे, जुन्या नोंदी ठरलेल्या मुदतीनंतर पुसाव्यात आणि सीसीटीव्हीचे चित्रण किती दिवस ठेवायचे व कोणाच्या लेखी अर्जावर दाखवायचे, याचा ठराव सभेत करावा. पार्किंगमधील भांडणाचे चित्रण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची हौस अनेक सदस्यांना असते. ठरावात तिला स्पष्ट मनाई असावी.

रेकॉर्डर बदलताना जुन्याची हार्डडिस्क काढून घ्यावी. भंगारात गेलेल्या डिस्कवर रहिवाशांच्या कित्येक आठवड्यांच्या हालचाली तशाच असतात.

काही घडलेच तर

कॅमेरा आपोआप वळू लागला, पंप कोणी न सांगता चालू-बंद होऊ लागला, पासवर्ड चालेनासे झाले किंवा इंटरनेट अकारण मंदावले, तर पहिले काम नेटवर्कची वायर काढण्याचे. सिमवर चालणाऱ्या यंत्रात सिम काढण्याचे. वीज शक्यतो बंद करू नये, कारण यंत्राच्या स्मृतीत असलेला पुरावा त्याने पुसला जातो. जिथे पाण्याचा किंवा माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तिथे मात्र पुराव्याची पर्वा न करता यंत्र 'मॅन्युअल'वर घ्यावे. मग पडद्याचे फोटो काढावेत, वेळ लिहावी, आणि रेकॉर्डरवरचे आवश्यक चित्रण लगेच वेगळे काढून ठेवावे, कारण काही दिवसांनी नवे चित्रण त्यावर चढते. तंत्रज्ञाचा पहिला सल्ला बहुधा 'रिसेट मारून देतो' असा असेल. तक्रार नोंदवून होईपर्यंत त्याला थांबवावे. नुसते बंद करून चालू केल्याने मिराईसारखा प्रोग्राम निघून जातो खरा, पण पासवर्ड तोच राहिला तर काही मिनिटांत परतही येतो.

आर्थिक फसवणूक असेल तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. अन्य प्रकारांसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. सायबर हल्ल्यांच्या घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचा निःशुल्क क्रमांक १८००-११-४९४९ आहे. एप्रिल २०२२ च्या तिच्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात आणि त्या यादीत इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांवरील हल्लेही येतात. सोसायटीला हे निर्देश कितपत लागू होतात हा वकिलांनी सांगण्याचा भाग आहे, पण कळवल्याने नुकसान काहीच नाही. सर्ट-इनच्याच 'सायबर स्वच्छता केंद्रा'कडून बाधित संगणक साफ करण्याची साधने मोफत मिळतात.

कॅमेऱ्याचे चित्रण बाहेर गेल्याचे कळले तर ज्या रहिवाशांचे किंवा कर्मचाऱ्यांचे ते आहे त्यांना सर्वांआधी आणि खासगीत सांगावे. कमिटीची बदनामी टाळण्यासाठी गप्प बसण्याचा मोह होतो. त्या काळात चित्रण पसरत राहते आणि ते काढून टाकण्याची मागणी करण्याचा त्यांचा वेळ वाया जातो.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यायची असते. तिच्या आधीच्या महिन्यात उपकरणांची यादी पुन्हा एकदा फिरून पडताळावी, लिफाफ्यातील पासवर्ड अजून चालतात का हे दोघांनी मिळून पाहावे आणि सहामाही सरावात काय अडले याचा एक परिच्छेद वार्षिक अहवालात, पासवर्ड किंवा यंत्रांचे कच्चे दुवे उघड न करता, द्यावा. नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकात कॅमेरे वाढवण्याची तरतूद मागितली गेली, तर आधीच्या कॅमेऱ्यांचे यादीतील सर्व रकाने भरलेले आहेत का, हे विचारून मगच ती मंजूर करावी.